घरातील बिनतारी जाळे आणि मंदावलेला संगणक

मृगाचा पाऊस पडून गेला की बुलढाणा जिल्ह्यातील घराघरांतून दोन प्रकारच्या कामांची एकच धांदल उडते. एक शेतातील, सोयाबीन, कपाशी व तूर यांच्या पेरणीची. दुसरी घरातल्या टेबलावरची. मुलामुलींच्या महाविद्यालयीन प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीकविम्याची नोंदणी, सातबाराचा उतारा काढणे ही सारी कामे आता संगणकावर होतात आणि त्यांपैकी बहुतेकांना शेवटची तारीख असते. नेमक्या अशा वेळी संगणक सुरू व्हावयासच दहा मिनिटे घेतो. सुरू झाल्यावर वाय-फायची खूण दिसते, पण पान काही उघडत नाही. मग कोणी राऊटर बदला म्हणतो, कोणी संगणकच नवा घ्या म्हणतो. तालुक्याच्या गावी जाऊन येण्यात एक दिवस मोडतो, दुरुस्तीच्या दुकानात यंत्र चार दिवस अडकून पडते आणि तोवर अर्जाची मुदत टळून जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष असतो तो खिडकीत बसविलेल्या कूलरचा, नाही तर नाण्याएवढ्या एका बॅटरीचा.

असा दोष घरच्या घरी शोधता येतो. त्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. २००१ साली सुरू झालेला एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रम पूर्ण केलेला एखादा मुलगा वा मुलगी आज बहुतेक गावांत सापडते आणि तेवढे ज्ञान या कामास पुरेसे आहे. हवा असतो तो क्रम. पाटाचे पाणी शेताच्या टोकापर्यंत पोहोचत नसेल तर शेतकरी सारा पाट नव्याने खणावयास घेत नाही. तो पाटाच्या कडेने चालत जातो आणि पाणी कोठपर्यंत आले आहे ते पाहतो. जेथे ते थांबले तेथेच फूट असणार. संगणक आणि त्याचे जाळे यांनाही हाच न्याय लागू आहे.

पहिला प्रश्न : दोष कोणाचा?

येथे एक घोटाळा आरंभीच दूर करावयास हवा. ‘नेट स्लो आहे’ या तीन शब्दांत लोक दोन वेगवेगळी दुखणी गुंडाळून टाकतात. यंत्र मंद असले तरी पान उशिरा उघडते आणि जाळे मंद असले तरी पान उशिरा उघडते. शिवाय ही दोन दुखणी एकमेकांचे सोंग घेतात. संगणक सुरू होताच त्यातील अनेक आज्ञावली आपापल्या सुधारित आवृत्त्या उतरवून घेऊ लागतात. त्यामुळे जाळे अडते आणि यंत्रही अडखळते. घरच्या माणसास मात्र दिसते ते एकच फिरते चक्र.

ही दोन दुखणी वेगळी करण्याची युक्ती साधी आहे. राऊटर बंद ठेवून संगणक सुरू करावा आणि हातातील घड्याळात वेळ पाहावी. दुसऱ्या दिवशी राऊटर चालू ठेवून तीच वेळ पुन्हा पाहावी. दोन्ही वेळा सारखीच दिरंगाई होत असेल तर जाळ्याचा त्यात काही अपराध नाही. उलट संगणक झटपट सुरू होतो, पण पान उघडत नाही, तेव्हा त्याच वाय-फायवर एखादा मोबाइल फोन जोडून पाहावा. मात्र फोनमधील सिमकार्डाचा डेटा बंद करूनच, अन्यथा परीक्षा फसेल. फोनवर पान चटकन उघडले तर दोष संगणकाचा; फोनही तसाच अडला तर दोष जाळ्याचा. एवढ्या दोन परीक्षांनी अर्धे काम होते.

पाटाच्या कडेने

जाळ्याचा दोष आहे असे ठरले, तर पाट कोठे फुटला ते पाहावयाचे. घरातील संगणकापासून बाहेरच्या जगापर्यंतच्या वाटेत चार टप्पे असतात : संगणक, राऊटर, घरात आलेली प्रकाशतंतूची म्हणजे फायबरची तार आणि तिच्या पलीकडे सेवा पुरविणाऱ्या कंपनीचे जाळे. ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याची राष्ट्रीय योजना २०११ साली मंजूर झाली आणि २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले. फायबर हा शब्द तेव्हापासून खेड्यापाड्यांतही रुळला आहे. अनेक घरांत फायबरची पेटी व राऊटर ही एकाच डबीत असतात.

त्या डबीवरील दिव्यांकडे आपण सहसा पाहत नाही. ‘पॉन’ असे लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर तारेतून प्रकाश नीट येत आहे असे समजावे. ‘एल.ओ.एस.’ असे लिहिलेला दिवा तांबडा पेटला असेल तर प्रकाश येतच नाही. तार कोठे तरी तुटली, सुटली वा फार वाकली आहे. अशा वेळी घरात कितीही खटपट केली तरी व्यर्थ होय. प्रकाशतंतू काचेचा असतो. तो खिळ्याला गुंडाळला, दाराच्या फटीत दाबला किंवा त्याला बारीक वळसा दिला की आतील प्रकाश वळणावरून बाहेर सांडतो. घराच्या आतील हे वळसे आपण पाहू शकतो. खांबावरच्या तारांवर वानरांच्या उड्या चालू असतात, त्यांना मात्र कंपनीचा माणूसच काय ते उत्तर देऊ शकेल.

दिवे ठीक असतील तर संगणकालाच विचारावे. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी असते. तेथे ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहिली म्हणजे ‘डिफॉल्ट गेटवे’ या नावापुढे राऊटरचा पत्ता दिसतो. बहुधा तो १९२.१६८.१.१ असा काहीसा असतो. ‘पिंग’ हा शब्द व त्यापुढे तो पत्ता लिहिला की संगणक राऊटरला चार हाका मारतो आणि प्रत्येक हाकेला ओ यावयास किती वेळ लागला ते सांगतो. हा वेळ मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजलेला असतो. घरातल्या घरात तो थोडक्या मिलिसेकंदांचा असावयास हवा. तो शेकड्यांत गेला किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे उत्तर आले, तर फूट आपल्या घरातच आहे. कंपनीकडे तक्रार करून उपयोग नाही.

राऊटर चटकन ओ देत असेल तर पुढील टप्पा. ‘पिंग’पुढे ८.८.८.८ हा पत्ता लिहावा. हा बाहेरच्या जगातील एक सार्वजनिक पत्ता आहे. तेथून उत्तर येत नसेल तर फूट घराबाहेर. तेथून उत्तर येते आणि तरीही संकेतस्थळाचे नाव लिहून पान उघडत नाही, असा प्रकार घडला तर दोष नावांच्या सूचीचा म्हणावा. संगणकाला नावे कळत नाहीत, आकडेच कळतात. प्रत्येक नावाचा आकडा तो डी.एन.एस. नामक सूचीतून शोधून घेतो, जसा पूर्वी टेलिफोनच्या जाड डिरेक्टरीतून आपण क्रमांक शोधीत असू. ही सूची पुरविणारे यंत्र कोलमडले की तार शाबूत असूनही सारे ठप्प झाल्यासारखे वाटते. राऊटर दोन मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू केल्याने किंवा त्यात दुसऱ्या सूचीचा पत्ता घातल्याने हा दोष बहुधा जातो.

आणखी एक गोष्ट, जी दोष नसून हिशेबाची चूक असते. ४० मेगाबिटची जोडणी घेतली म्हणजे सेकंदाला ४० मेगाबाइट उतरतील अशी अनेकांची समजूत असते. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. तेव्हा ४० मेगाबिट म्हणजे ५ मेगाबाइट. यात कोणी कोणाला फसविलेले नाही.

घाटावरची भिंत आणि घाटाखालचा कूलर

घरातच फूट आहे असे निघाले, तर बिनतारी लहरींचा स्वभाव थोडा समजून घ्यावा लागतो. जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ साली कलकत्ता येथे विद्युत्-चुंबकीय लहरी भिंतीतून आरपार पाठवून पलीकडील घंटा वाजवून दाखविली होती. त्यांच्या लहरींची लांबी काही मिलिमीटर होती. आपल्या घरातील राऊटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो : एक २.४ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या, ज्यांची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते; दुसऱ्या ५ गिगाहर्ट्‌झच्या, सुमारे सहा सेंटिमीटर लांबीच्या. पहिल्या लांब जातात, भिंत बऱ्यापैकी ओलांडतात, पण त्यांची वाट अरुंद. दुसऱ्यांची वाट रुंद, वेग अधिक, पण एकदोन भिंतींतच त्यांचा दम संपतो. दोन्ही लहरींना दोन गोष्टी मानवत नाहीत. धातू त्यांना परतवितो आणि पाणी त्यांना शोषून घेते. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापते ते याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी अन्नातील पाण्यात मुरतात म्हणून.

आता आपल्या जिल्ह्यातील घरांकडे पाहा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे सरळ दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा घाटावरचा मुलूख. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद हा घाटाखालचा, पूर्णेच्या खोऱ्यातला. घाटावर जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, हात-दोन हात जाडीच्या. उन्हाळ्यात त्या सुखद, पण लहरींना त्या भारी पडतात. घाटाखालच्या जुन्या धाब्याच्या घरांनाही तशाच भिंती असतात आणि नव्या घरांवर टिनाची पत्रे किंवा लोखंडी सळयांचा स्लॅब असतो. पत्र्याखालच्या खोलीतील राऊटरच्या लहरी पत्र्यावरून परततात. वरच्या मजल्यावर वा शेजारच्या सपरात त्या पोहोचाव्यात तरी कशा? सिमकार्ड घालून चालणारा राऊटर असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो, कारण डोंगराआडच्या गावात मनोऱ्याच्या लहरीही आडोशालाच राहतात. अशा राऊटरची जागा मनोऱ्याच्या दिशेकडील खिडकीत, हे पक्के ध्यानात ठेवावे.

नांदुऱ्याकडील एक घर प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आहे. चौकाच्या एका बाजूस ओसरी व तेथे राऊटर. समोरच्या बाजूस मुलांच्या अभ्यासाची खोली. हिवाळाभर सारे सुरळीत चाले. एप्रिल उजाडला की त्या खोलीतील वाय-फाय मरगळे, आणि जूनच्या अखेरीस आपोआप सुधारे. उन्हाने यंत्र तापते असा घरातील सर्वांचा तर्क होता व त्यापायी राऊटर एकदा बदलूनही झाला होता. खरा प्रकार असा की, जाड भिंतीतून लहर जातच नव्हती. ती जात होती चौकाकडील खिडकीतून, आणि एप्रिलमध्ये त्या खिडकीत कूलर बसत असे. बाहेरून लोखंडी पत्रा, आत पाण्याने भरलेली टाकी, तीन बाजूंनी भिजलेल्या ताट्या आणि मध्ये फिरणारी विजेची मोटर. लहर अडविण्यासाठी याहून सरस यंत्र कोणी मुद्दाम बनविले नसते. राऊटर ओसरीतून उचलून दारासमोरील उंच फळीवर ठेवला, काम संपले. खर्च दोन खिळ्यांचा.

घाटाखाली मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो, तेव्हा उष्णतेचा दोष अगदीच खोटा नव्हे. राऊटर टी.व्ही.च्या मागे, कपड्याखाली किंवा पत्र्याला चिकटून ठेवला तर तो तापून मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्याला मोकळी हवा हवी, पुरुषभर उंची हवी आणि जवळ लोखंडी कपाट नको. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेतही लहरींची शक्ती चौथाईवर येते, म्हणून घराच्या मध्यावर तो असावा. रस्त्याकडच्या भिंतीवर तो बसविला तर अर्ध्या लहरी रस्त्यावरच जातात. तार आत येण्यास सोपे पडते म्हणून बसविणारा माणूस नेमकी तीच जागा निवडतो. त्यास थोडी अधिक तार सोडावयास सांगावी, तो सांगितल्यावर सोडतो.

दाटीच्या वस्तीत, उदाहरणार्थ खामगाव वा चिखलीसारख्या गावी, आणखी एक अडचण येते. केंद्र शासनाने २००५ साली २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीची उपकरणे परवान्यातून मुक्त केली आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झचा मुक्त पट्टाही बराच विस्तारला. त्यामुळे आज घरोघरी राऊटर बसला आहे आणि सगळे एकाच चावडीवर एकदम बोलू लागले आहेत. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १ ते १३ क्रमांकांच्या वाहिन्या असल्या तरी लगतच्या दोन वाहिन्यांत अंतर केवळ ५ मेगाहर्ट्‌झचे आणि एका राऊटरचा आवाज पसरतो सुमारे २० मेगाहर्ट्‌झपर्यंत. म्हणून १, ६ आणि ११ याच तीन वाहिन्या एकमेकींत मिसळत नाहीत. शेजारच्या घरांतील राऊटर कोणत्या वाहिनीवर आहेत हे दाखविणारी आज्ञावली मोबाइलवर विनामूल्य मिळते. ती पाहून या तिघींतील मोकळी वाहिनी घ्यावी. संगणक राऊटरच्या खोलीतच असेल तर सरळ ५ गिगाहर्ट्‌झच्या नावाशी जोडावा. आणि संगणक टेबलावरचा, न हलणारा असेल तर राऊटरपासून त्यापर्यंत साधी लॅन तार ओढावी. बिनतारीचे कौतुक सर्वांना आहे, पण मुदतीच्या दिवशी तारेसारखी खात्रीची सोबत दुसरी नाही. फक्त वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की ती तार व राऊटरची पिन काढून ठेवावी. प्रकाशतंतूतून वीज वाहत नाही, पण तांब्याच्या तारेतून वाहते आणि संगणकापर्यंत पोहोचते.

राऊटरचा मूळ संकेतशब्द तसाच ठेवू नये, हे येथे जाता जाता सांगणे भाग आहे. गल्लीतील चार फोन आपल्याच जाळ्यावर चित्रपट पाहत असले तर वरील एकही उपाय लागू पडणार नाही.

संगणकाच्या सकाळी

दोष यंत्राचा आहे असे निघाले, तर पुन्हा घड्याळच कामी येते. सुरू होण्याच्या काळाचे तीन भाग करावे. कळ दाबल्यापासून विंडोजची खूण दिसेपर्यंतचा पहिला. तेथून संकेतशब्द विचारीपर्यंतचा दुसरा. संकेतशब्द दिल्यापासून कामाची खिडकी खरोखर उघडेपर्यंतचा तिसरा. तिघांचे अर्थ निराळे आहेत.

पहिल्या भागात संगणक स्वतःचीच तपासणी करीत असतो. तेथेच वेळ जात असेल तर जोडलेला पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, प्रिंटर काढून पाहावे; यंत्र कधी कधी त्यांच्यातच आपली आज्ञावली शोधीत बसते. येथेच ती नाण्याएवढी बॅटरीही येते. सी.आर. २०३२ नावाची ही बॅटरी मुख्य पटलावर बसविलेली असते आणि संगणक बंद असताना त्यातील घड्याळ चालू ठेवते. टेबलावरच्या संगणकाची वीज रोज बटण दाबून तोडली जात असेल किंवा भारनियमनाने जात असेल तर ती काही वर्षांत संपते. मग प्रत्येक वेळी संगणक जुनीच तारीख धरून उठतो. याचा परिणाम जाळ्यावर होतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बँका व शासकीय संकेतस्थळे यांना सुरक्षिततेची जी प्रमाणपत्रे असतात त्यांना मुदत असते. संगणकाची तारीख काही वर्षे मागे असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून अंमलातच आलेले नसते आणि तो पान उघडण्याचे नाकारतो. घरची मंडळी राऊटरला दोष देतात. पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख तेवढी पाहिली असती तर सारा उलगडा झाला असता. नवी बॅटरी थोड्या रुपयांत घड्याळाच्या दुकानातही मिळते.

दुसरा भाग लांबत असेल तर डिस्ककडे पाहावे. जुन्या संगणकांतील हार्ड डिस्क ही फिरती तबकडी असते. लॅपटॉपमधील तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते आणि सुई जागेवर नेण्यासही वेळ लागतो. दोहोंचा मिळून बारा-पंधरा मिलिसेकंदांचा हिशेब होतो. विखुरलेल्या फाइली अशा गतीने सेकंदाला सत्तर-ऐंशीच निघतात. सुरू होताना संगणकाला तर हजारो लहान फाइली लागतात. कचेरीत हजार दप्तरे आणि ती काढून देणारा शिपाई एकच, असा हा प्रकार आहे. एस.एस.डी. नामक नव्या डिस्कमध्ये फिरणारा भागच नसतो, म्हणून तोच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास पुरा होतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, सहा-सात वर्षे जुना पण धड असलेला संगणक टाकून देण्यापूर्वी त्यात एस.एस.डी. घालून पाहावी. नव्या यंत्राच्या किमतीच्या अल्पांशात हे होते आणि दहा मिनिटांची वाट मिनिटाच्या आत येते. स्मृती, म्हणजे रॅम, ४ गिगाबाइटच असेल तर ती ८ करून घेणे हा त्यानंतरचा उपाय होय.

मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाइली उघडताना संगणक गोठत असेल, तर ती मरणपंथाला लागली आहे असे समजून सर्वप्रथम कागदपत्रे, छायाचित्रे, मुलांची प्रमाणपत्रे यांची प्रत दुसरीकडे काढावी. दुरुस्तीची कोणतीही आज्ञा त्यानंतर. हा क्रम उलटा झाल्यामुळे घराघरांतील लग्नांचे फोटो कायमचे गेले आहेत.

तिसरा भाग लांबतो तो आपल्याच हातांनी. प्रत्येक नवी आज्ञावली बसविताना ती गुपचूप स्वतःचे नाव सकाळच्या हजेरीपटावर घालून घेते. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘स्टार्टअप’ या सदराखाली ती सर्व नावे आणि प्रत्येकीचा भार किती हे दिसते. संभाषणाच्या, गाण्यांच्या, प्रिंटरच्या जाहिरातींच्या आज्ञावली येथे ‘डिसेबल’ कराव्यात. त्याने त्या नष्ट होत नाहीत, केवळ बोलावल्याशिवाय येत नाहीत. विषाणूरोधक आज्ञावलीला हात लावू नये, पण ती एकच असावी. दोन विषाणूरोधक एका यंत्रात ठेवणे म्हणजे प्रत्येक दप्तर दोन पहारेकऱ्यांकडून तपासून घेणे. यंत्रात उपद्रवी आज्ञावली शिरल्याचा संशय असल्यास केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर ती शोधून काढण्याची साधने विनामूल्य मिळतात.

एक बारकावा थोड्यांनाच ठाऊक असतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘शट डाऊन’ म्हणजे पूर्ण बंद करणे राहिलेले नाही. यंत्र आपल्या अंतर्भागाची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलून पुढे चालू लागते, जेणेकरून लवकर सुरू व्हावे. परिणामी कालचा बिघाडही आज सोबत येतो. पूर्ण नवी सुरुवात हवी असेल तर ‘रिस्टार्ट’ हीच आज्ञा द्यावी. महिनोन्‌महिने रोज बंद होणारा संगणक एकदा ‘रिस्टार्ट’ केल्यावर सुधारतो, यामागील रहस्य एवढेच.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ स्वीकारीत नाहीत. तेव्हा जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी याचा वेगळा विचार करावा. उबुंटू किंवा सी-डॅकने तयार केलेली बॉस ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली विनामूल्य असून अशा यंत्रांत घालता येते. अर्ज भरणे, पत्रे लिहिणे एवढ्या कामास ती पुरते. काही शासकीय कामांत लागणारी डिजिटल स्वाक्षरीची साधने तिच्यावर चालतील की नाही, हे मात्र आधी पडताळून पाहावे.

मदत मागताना

येथवर करूनही फूट घराबाहेरच निघाली तर तक्रार करावी लागेल. कंपनीचा दूरध्वनी क्रमांक देयकावरून किंवा राऊटरच्या पेटीवरून घ्यावा. शोधयंत्रात सापडलेल्या क्रमांकावर विसंबू नये. मदत करतो असे सांगून दूरवरून आपला पडदा चालविणारी आज्ञावली बसवावयास सांगणारा मनुष्य बहुधा भामटा असतो. तसा प्रकार घडून पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

दूरसंचार ग्राहकांच्या तक्रारींसंबंधी २०१२ साली लागू झालेल्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे आणि तिचे निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. तो क्रमांक लिहून घ्यावा. तक्रारीत ‘नेट स्लो आहे’ असे सांगू नये. ‘राऊटर ३ मिलिसेकंदांत उत्तर देतो, बाहेरचा पत्ता उत्तर देत नाही, रोज सायंकाळी सातनंतर असे घडते, एल.ओ.एस. दिवा तांबडा नाही’ असे सांगावे. फोनवरील मनुष्य मग ‘राऊटर बंद करून चालू करा’ हे नेहमीचे पालुपद लावीत नाही; तो तक्रार सरळ तारा पाहणाऱ्याकडे पाठवितो. त्यासाठी चार-पाच दिवस एका वहीत वेळ, दिव्यांचा रंग आणि पिंगचे आकडे टिपून ठेवावे. वही राऊटरजवळच असावी आणि पेरणीच्या आधी, मे महिन्यातच तिची पहिली पाने भरून ठेवावी, म्हणजे जुलैतील शेवटच्या तारखेआधी दुरुस्तीला अवधी मिळतो.